ई-चलान आलं तर आधी वाचा, मग भरा: नव्या वाहनचालकासाठी

मोबाइलवर संदेश येतो. त्यात गाडीचा नंबर, दंडाची रक्कम आणि एक लिंक असते. नवा चालक अशा वेळी सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर धसका घेऊन तिथल्या तिथे पैसे भरून टाकतो, नाहीतर ‘बघू नंतर’ म्हणत विसरून जातो. दोन्हीत नुकसान त्याचंच होतं. चलान हे विजेच्या बिलासारखं नसतं. तुमच्या गाडीने अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक कलमाचा भंग केला असा तो आरोप असतो. पैसे भरले म्हणजे आरोप मान्य केला, आणि तोच गुन्हा पुन्हा नोंदला गेला तर तो दुसऱ्यांदाचा धरला जाऊन दंड वाढतो. म्हणून आधी चलान नीट वाचायचं आणि मगच भरायचं की हरकत घ्यायची ते ठरवायचं. पुढे महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला त्यासाठी काय ठाऊक असायला हवं ते दिलं आहे.

गाडी बाहेर काढण्याआधी

लायसन, आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) ही चार कागदपत्रं लागतात. ती छापील स्वरूपातच जवळ हवीत असं नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली कागदपत्रं दाखवली तरी चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्ये तशी तरतूद आहे. मात्र गॅलरीत ठेवलेला आरसीचा फोटो किंवा कोणी पाठवलेला स्क्रीनशॉट त्यात मोडत नाही. कागदपत्र अ‍ॅप उघडूनच दाखवायचं. घाटात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं, त्यामुळे ती आधीच डाउनलोड करून ठेवा.

तारखा तपासताना लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक लायसनची. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असे, ती 2019 च्या दुरुस्तीत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो, पण मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन चालक ठरता. अर्ज करण्याची मुभा आणि गाडी चालवण्याची मुभा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी इथेच गल्लत होते. दुसरी चूक पीयूसीची. नव्या गाडीला पहिलं वर्ष ते लागत नाही, म्हणून नंतरही त्याची आठवण राहत नाही. प्रमाणपत्रावरची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. त्यावर चारचाकी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेली व्यक्ती हवी आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. दुचाकीवर मागे मित्राला बसवून सराव करता येत नाही. मागे बसायचं ते लायसनधारक शिकवणाऱ्यानेच.

आणखी एक काम दहा मिनिटांचं आहे, पण ते झालं नाही तर पुढचा सगळा मनस्ताप सुरू होतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, ते परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. चलानचा संदेश त्याच नंबरवर जातो. नंबर जुना असेल तर चलान साचत राहतात आणि गाडी विकायला काढली की एकदम समोर येतात.

चलान सर्वाधिक कुठे होतं

आधी फलकांची भाषा. लाल कडेचा गोल फलक म्हणजे आदेश, तो मोडला की दंड. त्रिकोणी फलक पुढचा धोका सांगतो. निळा चौकोनी फलक माहिती देतो. अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण ‘वाट द्या’ हे दोन मुद्दाम वेगळ्या आकाराचे केले आहेत, रंग उडाला किंवा धूळ बसली तरी ओळखता यावेत म्हणून.

सिग्नलला लोक दिव्याकडे बघतात आणि कॅमेरा थांबरेषेकडे बघतो. लाल दिवा असताना गाडीचं पुढचं चाक रेषेच्या पुढे, झेब्रा पट्ट्यांवर असेल तर तुम्ही थांबलेले असलात तरी चलान होऊ शकतं. पिवळा दिवा म्हणजे ‘घाई करा’ नव्हे. रेषेच्या अलीकडे असाल तर थांबायचं, रेषा ओलांडली असेल तर चौक मोकळा करायचा. डावीकडे वळणं नेहमीच खुलं असतं हा समजही चुकीचा आहे. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तरच वळायचं.

पार्किंगमध्ये नवख्याला हमखास फसवणारा प्रकार म्हणजे पी-1 आणि पी-2 चे फलक. पी-1 ची बाजू विषम तारखेला आणि पी-2 ची बाजू सम तारखेला. 14 तारखेच्या संध्याकाळी पी-2 च्या बाजूला लावलेली गाडी अगदी योग्य जागी असते. रात्री बारानंतर 15 तारीख लागते आणि तीच गाडी नियमबाह्य ठरते. सकाळी उठून बघावं तर चाकाला जॅमर. एक बारकावा असा की 31 तारखेनंतर 1 येते आणि दोन्ही विषम, त्यामुळे त्या रात्री बाजू बदलत नाही. सवयीने गाडी समोर नेऊन लावणारे नेमके त्याच दिवशी सापडतात. फलकावर तास लिहिले असतील तर तेही वाचा.

वेगाबाबत दोन पद्धती आहेत. स्पीडगन एका क्षणाचा वेग मोजते. दुसऱ्या पद्धतीत दोन ठिकाणचे कॅमेरे तुमची वेळ टिपतात आणि मधल्या अंतराला त्या वेळेने भागतात. 20 किलोमीटरच्या टप्प्यात 100 ची मर्यादा असेल तर किमान 12 मिनिटं लागायला हवीत. 10 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 निघते, मग कॅमेऱ्याखाली ब्रेक मारल्याने काही साधत नाही. एकाच रस्त्यावर मर्यादा बदलतात, हेही ध्यानात ठेवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीसाठी 100 ची मर्यादा आहे, पण बोरघाटात ती बरीच खाली येते. उतारावर गाडी आपोआप वेग घेते, आणि चलान तिथेच होतं. या मार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही.

हेल्मेट पुढच्याला आणि मागच्याला, दोघांनाही लागतं. कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. पट्टा न लावता डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या लेखी नसल्यासारखंच, आणि अपघातात तर ते डोक्याच्या आधी उडतं. आयएसआय खूण पाहूनच घ्या.

कलम आणि रक्कम

मूळ कायदा 1988 चा मोटार वाहन कायदा. 2019 च्या दुरुस्तीने दंड मोठ्या प्रमाणात वाढले. ही दुरुस्ती देशात 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली, महाराष्ट्राने मात्र सुधारित दर डिसेंबर 2021 मध्ये आणले. हे समजून घेण्याचं कारण असं की केंद्राच्या कायद्यातली रक्कम आणि चलानवरची रक्कम नेहमी सारखी नसते. कलम 200 प्रमाणे राज्य सरकार काही गुन्ह्यांसाठी तडजोड शुल्क ठरवतं. ते भरलं की प्रकरण कोर्टात जात नाही. म्हणून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका, चलानवरचा आकडा आणि कलम बघा.

मूळ कायद्यातले आकडे असे. कलम 177, म्हणजे ज्याला वेगळी शिक्षा नाही असा किरकोळ भंग, पहिल्यांदा 500 आणि पुढे 1,500 रुपयांपर्यंत. वेगमर्यादा ओलांडली तर कलम 183, हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000, मध्यम आणि अवजड वाहनाला 2,000 ते 4,000. हेल्मेट नसेल तर कलम 194ड, 1,000 रुपये आणि तीन महिने लायसन अपात्र. दुचाकीवर तिघे असतील तरी तसंच. सीटबेल्ट नसेल तर 1,000. विमा नसेल तर कलम 196 खाली 2,000, दुसऱ्यांदा 4,000, शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद. लायसन नसताना चालवलं तर 5,000, आणि ज्याने गाडी दिली त्यालाही कलम 180 खाली 5,000. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर 10,000 पर्यंत.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणं ही घराघरांत हलक्यात घेतली जाणारी चूक आहे, आणि कायद्यात ती सर्वांत जड पडते. कलम 199अ मध्ये पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. ‘कोपऱ्यावरच तर जातोय’ म्हणून किल्ली देऊ नका.

काही गुन्ह्यांत तडजोड नाहीच. दारू पिऊन गाडी चालवणं, कलम 185, हे कोर्टातच जातं. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम 184 खालीही फक्त मोबाइल हातात धरण्यापुरती तडजोड होते, बाकीचं कोर्टात.

त्यामुळे एकच कृती वेगवेगळ्या कलमांत बसू शकते. सिग्नल तोडल्याचं चलान कलम 119 सह 177 खाली असेल तर ते किरकोळ भंगात मोडतं. तेच 184 खाली लावलं असेल तर प्रकरण धोकादायक ड्रायव्हिंगचं होतं आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातं. चलानवरचा तो तीन आकडी क्रमांक रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे.

पोलिसाने थांबवलं तर

गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने लायसन मागितलं तर ते दाखवणं कलम 130 प्रमाणे बंधनकारक आहे. ‘कशासाठी थांबवलं साहेब?’ हे शांतपणे विचारायला हरकत नाही. कोणतं कलम लावताय तेही विचारा. दुसऱ्याला फोन लावून साहेबांच्या हातात देणं, आवाज चढवणं, गाडी पळवण्याचा प्रयत्न करणं, यातलं काहीही केलं तर मूळचा किरकोळ भंग बाजूला राहतो आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा मागे लागू शकतो.

तिथेच पैसे भरायचे असतील तर यंत्रातून निघालेली पावती किंवा मोबाइलवर आलेला संदेश घेतल्याशिवाय जागा सोडू नका. पावतीविना दिलेले पैसे सरकारी खात्यात जात नाहीत आणि चलानही तसंच उभं राहतं. तिथे भरायची सक्ती वाटत असेल तर ‘चलान ऑनलाइन करा, मी बघतो’ असं सांगा. लायसन ताब्यात घेतलं तर पोचपावती मागा आणि तिच्यावरची मुदत बघा. लायसन अपात्र असण्याच्या काळात गाडी चालवलीत तर कलम 182 लागतं आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने 2025 मध्ये दिला. तसं घडताना दिसलं तर वाद न घालता वेळ, ठिकाण टिपून ठेवा. हरकत घेताना ते उपयोगी पडेल.

चलान शोधायचं आणि वाचायचं

संदेशातल्या लिंकवर बोट ठेवू नका. खोट्या चलानचा धंदा जोरात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) येते, ती उघडली की फोनमधले ओटीपी चोराच्या हाती जातात. खरं चलान कधीही एपीके फाइलमधून येत नाही. स्वतः पत्ता टाइप करा: राज्यासाठी महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन, देशभरातल्यासाठी ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. शेवट ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तो पत्ता सरकारी नाही. दोन्हीकडे तपासा, कारण एका ठिकाणी दिसलेलं दुसरीकडे दिसेलच असं नाही. राज्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसीवर असतात.

चलान उघडल्यावर या क्रमाने वाचा:

1. गाडीचा नंबर, आणि फोटोतल्या गाडीची जात व रंग. नंबर तुमचा आणि फोटोत स्कूटर, घरी मात्र मोटार, असं होतं. कॅमेऱ्याला 8 आणि बी, 0 आणि डी यांत फरक कळत नाही, विशेषतः प्लेट मळलेली किंवा नक्षीदार अक्षरांची असेल तेव्हा.
2. तारीख, वेळ, ठिकाण. त्या वेळी गाडी कुठे होती ते आठवा.
3. कलम आणि तो कितव्यांदाचा गुन्हा धरला आहे.
4. फोटोत आरोप दिसतो का? सिग्नलच्या चलानमध्ये लाल दिवा आणि थांबरेषा दोन्ही दिसायला हवेत. पार्किंगच्या चलानमध्ये गाडी दिसते, पण मनाईचा फलक दिसतोच असं नाही.
5. एकाच प्रसंगाची दोन चलानं तर नाहीत ना? वेळेत काही मिनिटांचाच फरक असेल तर शंका घ्या.

हरकत कशी घ्यायची

त्याच संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. आधी पैसे भरून मग तक्रार करू नका, कारण भरल्यावर आरोप मान्य झालेला असतो.

तक्रार चार ओळींची पुरे. ‘मी नेहमी नियम पाळतो, माझ्यावर अन्याय झाला’ याने काही होत नाही. असं लिहा: ‘चलान क्रमांक अमुक. फोटोतलं वाहन काळ्या रंगाची दुचाकी आहे. माझ्या नंबरचं वाहन पांढरी मोटार असून आरसी व गाडीचा समोरून आणि मागून काढलेला फोटो सोबत जोडला आहे. चलान रद्द करावं.’ वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला एका नजरेत फरक दिसला पाहिजे. गाडी दुसऱ्या गावी होती असं म्हणणं असेल तर फास्टॅगची नोंद, पेट्रोल पंपाची वेळ छापलेली पावती, सोसायटीच्या फाटकावरचं चित्रीकरण जोडा. चित्रीकरण बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून चलान दिसल्याच दिवशी मागून ठेवा. पार्किंगचा वाद असेल तर ताबडतोब जागेवर जाऊन फलकाचे, किंवा फलक नसल्याचे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी थांबरेषा ओलांडली असेल तर तसं लिहा आणि त्या मिनिटाचं चित्रीकरण तपासण्याची विनंती करा. डॅशकॅम असेल तर हा वाद तिथेच मिटतो.

कॅमेऱ्याच्या चलानला केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये जोडलेला नियम 167अ लागू होतो. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचना फलक हवेत. वेगाच्या चलानला आव्हान द्यायचं तर या प्रमाणपत्राची मागणी लेखी करा.

तुमच्या नंबरची नक्कल करून दुसराच कोणी गाडी फिरवतोय असं वारंवार दिसलं तर नुसती हरकत पुरत नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची प्रत प्रत्येक हरकतीला जोडा. ती गाडी उद्या एखाद्या अपघातात सापडली तर हाच कागद तुम्हाला वाचवेल.

गाडी भाऊ किंवा मित्र चालवत होता असं असेल तर मालकाने चालकाची माहिती देणं कलम 133 प्रमाणे बंधनकारक आहे. ‘मी नव्हतो’ एवढंच म्हणून सुटका होत नाही.

भरलं नाही तर

प्रकरण कोर्टात पाठवलं जातं. काही वेळा ते आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात जातं: व्हीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन वर विभाग निवडून गाडीचा किंवा चलानचा क्रमांक टाकला की दिसतं. तिथे दंड भरणं किंवा आव्हान देणं असे दोनच पर्याय असतात. आव्हान दिलंत तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तारखेला हजर राहावं लागतं. पाचशे रुपयांच्या चलानसाठी एका दिवसाची रजा घालवायची का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण कलम जड असेल किंवा लायसन अपात्र होणार असेल तर जरूर लढा, आणि वकिलाला दाखवा. समन्स आलं तर ते टाळू नका.

जुनी बरीच चलानं साचली असतील तर राष्ट्रीय लोकअदालत बघा. ती वर्षातून काही ठरावीक दिवशीच भरते, तारीख जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कळते. आरसी, लायसन आणि चलानांची यादी घेऊन जा. रक्कम कमी होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, त्यामुळे चलानच चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल तर ही जागा नव्हे. दारूच्या प्रकरणांसाठीही नाही.

गाडी विकताना आणि घेताना

विकलेल्या गाडीची चलानं वर्षानुवर्षं जुन्या मालकाला येत राहतात, कारण पैसे घेऊन किल्ली दिली की काम संपलं असं दोघांनाही वाटतं. आरटीओच्या वहीत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपघाताच्या भरपाईबाबतही हेच म्हटलं: नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी आरटीओत विक्रेत्याने फॉर्म 29 राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत द्यायचा, घेणाऱ्याने फॉर्म 30 तीस दिवसांत. गाडी देताना ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. फॉर्म 29 दिल्याची पोच जपून ठेवा. मधल्या दिवसांतलं चलान आलं तर हरकतीला हेच दोन कागद जोडायचे.

जुनी गाडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी चासीचे शेवटचे चार आकडे मागून त्या नंबरवरची चलानं विक्रेत्याच्या समोरच बघावीत. थकबाकी असेल तर ती भरल्याची पावती हातात आल्यावरच व्यवहार करावा, कारण चलान थकलेल्या गाडीचं हस्तांतरण आरटीओत अडू शकतं आणि तोवर विक्रेता फोन उचलायचा बंद झालेला असतो.